न्यूट्रॉन केंद्रांचा रोजच्या आयुष्याशी काय संबंध?

प्रश्न असा आहे: "न्यूट्रॉन स्कॅटरिंगसाठी देशोदेशी अब्जावधी खर्चून अणुभट्ट्या आणि त्वरक उभारतात. क्ष-किरण आहेत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहेत, मग हे कशाला? आणि सामान्य माणसाच्या पदरात त्यातून नक्की काय पडतं?"

गेली वीसेक वर्षं मी न्यूट्रॉनच्या झोतासमोर नमुने ठेवत आले आहे. बहुतेक वेळा साबणासारखी बुळबुळीत द्रावणं, कधीकधी धातू. त्यामुळे उत्तर देण्याचा थोडा हक्क आहे आणि थोडा पक्षपातही होणार, तेवढा धरून चाला.

आधी एक कबुली. या केंद्रांची माहितीपत्रकं फार गोड असतात. विमान, बॅटरी, लस यांची चकचकीत छायाचित्रं आणि मथळा असा, की जणू हे सगळं न्यूट्रॉननेच घडवलं. न्यूट्रॉन सहसा काही घडवत नाही, तो साक्ष देतो. वस्तू न कापता तिच्या पोटात काय चाललंय ते सांगतो, आणि इतर साक्षीदारांच्या नजरेतून जे निसटतं नेमकं तेच सांगतो. त्या साक्षीवरून कुठला तरी अभियंता किंवा रसायनतज्ज्ञ निर्णय घेतो: ही जोडणी चालेल, ती नको, हा रेणू पुढे न्यायचा, तो सोडायचा. फायदा झिरपतो तो अशा निर्णयांमधून. वस्तूवर त्याचा शिक्का कुठेच नसतो, म्हणून हा प्रश्न दर काही वर्षांनी पुन्हा विचारला जातो आणि त्यात काही वावगं नाही.

शब्दाबद्दल एक. झोतातले कण वस्तूतल्या अणूंवर आपटून इकडेतिकडे विखुरतात, ते स्कॅटरिंग. त्याला पाठ्यपुस्तकात विकिरण म्हणतात, पण तो शब्द ऐकला की बऱ्याच जणांना किरणोत्सर्ग आठवतो आणि गाडी भलतीकडे जाते. म्हणून मी स्कॅटरिंगच म्हणणार आहे.

आता क्ष-किरणांचं बघू. क्ष-किरण विखुरतात ते अणूतल्या इलेक्ट्रॉनांवरून. ज्याच्याकडे इलेक्ट्रॉन जास्त ते मूलद्रव्य ठळक, ज्याच्याकडे कमी ते पुसट. हायड्रोजनकडे एकच, लिथियमकडे तीन. शेजारी लोखंड किंवा शिसं असलं की हे दोघे दिसेनासे होतात. न्यूट्रॉन हा अणूच्या केंद्रकातला कण, त्याच्यावर विद्युतभार नाही. तो इलेक्ट्रॉनांच्या ढगातून सरळ आत जातो आणि केंद्रकावरून विखुरतो. कुठलं केंद्रक त्याला किती जोराने विखुरेल याला अणुक्रमांकाचा क्रम लागू नाही, तिथे जवळजवळ लहरी कारभार आहे. या लहरीपणात हायड्रोजनची चांदी झाली: तो न्यूट्रॉनला अगदी ठळक दिसतो आणि शिसं बऱ्यापैकी पारदर्शक ठरतं. शिशाच्या डब्यात फूल ठेवून न्यूट्रॉनने छायाचित्र काढलं तर डबा फिका पडतो आणि पाकळ्या उमटतात. आमच्या क्षेत्रात हे प्रात्यक्षिक इतक्यांदा दाखवलं गेलंय की आता कोणी मान वर करून बघत नाही, पण मुद्दा त्याहून सोपा करून सांगता येत नाही.

याहून मोठी गंमत समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंची. साधा हायड्रोजन आणि त्याचा जड भाऊ ड्युटेरियम रसायनशास्त्राच्या दृष्टीने जवळपास एकच. न्यूट्रॉनला मात्र ते उलट चिन्हांचे दिसतात: साध्या हायड्रोजनची स्कॅटरिंग लांबी (केंद्रक न्यूट्रॉनला किती जोराने विखुरतं याचं माप) उणे ३.७४ फेम्टोमीटर, ड्युटेरियमची अधिक ६.६७. त्यामुळे साध्या पाण्यात सुमारे ८ टक्के जड पाणी (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेलं पाणी) मिसळलं की बेरीज शून्यावर येते आणि ते पाणी न्यूट्रॉनच्या लेखी पोकळीसारखं होतं. प्रमाण बदलत नेलं की त्याच नमुन्यातला एक भाग विझवता येतो, दुसरा पेटवता येतो. आपल्याला हव्या त्या रेणूत हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम बसवला की गर्दीतून तेवढाच रेणू उठून दिसतो. माझी निम्मी कारकीर्द या एका युक्तीवर चालली आहे.

तिसरा गुण ऊर्जेचा. साधारण खोलीच्या तापमानाला आलेल्या न्यूट्रॉनचा वेग सेकंदाला २२०० मीटर, तरंगलांबी १.८ अँग्स्ट्रॉम आणि ऊर्जा २५ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते. म्हणजे तरंगलांबी अणूंमधल्या अंतराएवढी आणि ऊर्जा अणूंच्या थरथरीएवढी, दोन्ही एकाच वेळी. तेवढ्याच तरंगलांबीच्या क्ष-किरणाची ऊर्जा सात हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात जाते. एवढ्या मोठ्या नोटेतून काही पैशांचा फरक पकडणं अशक्य नाही, पण जिकिरीचं आहे. न्यूट्रॉनकडून अणू कुठे आहेत हे कळतं आणि ते काय करतायत हेही. १९९४ चं भौतिकीचं नोबेल याच दोन बाजूंसाठी विभागून दिलं गेलं. अणू 'कुठे' आहेत याचं श्रेय क्लिफर्ड शल यांना, 'काय करतात' याचं बर्ट्राम ब्रॉकहाउस यांना. शल यांनी हे काम १९४६ पासून अमेरिकेतल्या ओक रिजच्या ग्रॅफाइट अणुभट्टीवर अर्नेस्ट वोलन यांच्याबरोबर केलं होतं. नोबेल यायला इतका उशीर झाला की तोवर वोलन हयात नव्हते.

शिवाय न्यूट्रॉन स्वतः एक चिमुकला चुंबक आहे, त्यामुळे पदार्थाच्या आतले अणुचुंबक कुठल्या दिशेला तोंड करून बसलेत हे तो थेट सांगू शकतो. मँगनीज ऑक्साइडमध्ये ते उलटसुलट बसतात हे १९४९ साली याच वाटेने दिसलं. चुंबकीय पदार्थांवर काम करणारे सहकारी माझ्या जागी असते तर अर्धं उत्तर त्यावर लिहिलं असतं. मी पुढे जाते.

एवढ्या गुणांचा हा कण मिळवायचा कसा, इथे खर्चाचा प्रश्न सुरू होतो. न्यूट्रॉन केंद्रकात कोंडलेला असतो. बाहेर काढला तर त्याचं सरासरी आयुष्य ८८० सेकंदांच्या आसपास, त्यामुळे साठा करून ठेवायची सोय नाही. लागेल तेव्हा, लागेल तिथे बनवायचा. एक मार्ग अणुभट्टीचा. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला लाउए-लांजव्हँ संस्थेची ५८ मेगावॉटची भट्टी १९७१ पासून हे काम करते. तिच्यातून वीज काढत नाहीत, ती फक्त न्यूट्रॉनसाठी आहे. ट्रॉम्बेची ध्रुव भट्टी, म्युनिकजवळची गार्चिंगची, सिडनीजवळची ओपल ही याच कुळातली, पण यांच्यावर न्यूट्रॉन झोतांच्या जोडीने समस्थानिकं बनवण्यासारखी इतर कामंही चालतात.

दुसरा मार्ग स्पॅलेशनचा. त्यात प्रोटॉनना वेग देऊन जड धातूवर आदळवतात आणि केंद्रकातून न्यूट्रॉन अक्षरशः उडवून लावतात. भट्टीतल्या विखंडनात, म्हणजे जड केंद्रक फुटण्याच्या एका घटनेतून सरासरी अडीच न्यूट्रॉन निघतात, त्यातला एक साखळी चालू ठेवण्यात जातो. स्पॅलेशनमध्ये एका प्रोटॉनमागे पंधरा-वीस सहज मिळतात. इंग्लंडमधल्या आयसिस केंद्रात प्रकाशाच्या ८४ टक्के वेगाने जाणारे प्रोटॉन सेकंदाला ५० वेळा टंगस्टनच्या लक्ष्यावर पाठवतात. अमेरिकेत ओक रिजचं केंद्र २००६ साली सुरू झालं, तिथे लक्ष्य वाहत्या पाऱ्याचं आहे, कारण घन धातूतून तेवढी उष्णता काढून घेणं कठीण. जपानच्या जे-पार्कमध्येही पाराच. स्वीडनच्या लुंडमध्ये युरोपातल्या तेरा देशांनी मिळून जे केंद्र उभारायला घेतलं त्यात फिरतं टंगस्टनचं चाक आहे, म्हणजे प्रोटॉनच्या प्रत्येक स्पंदाला (ठोक्याला) चाकाचा वेगळा भाग मार खातो. या केंद्रांमध्ये साखळी प्रक्रिया नाही. त्वरकाचं बटण बंद केलं की न्यूट्रॉनही बंद. स्पंदाने येणाऱ्या झोताचा एक मोठा फायदा असा, की शर्यत लावता येते: सगळे न्यूट्रॉन एकाच क्षणी सुटले, आता कोण किती वेळाने पोहोचतो त्यावरून त्याची तरंगलांबी कळते.

जन्मतः हे न्यूट्रॉन फार वेगवान असतात. पाणी, मिथेन किंवा उणे २५० अंशांच्या आसपासच्या द्रव हायड्रोजनमध्ये धडका देत देत त्यांना हळू करावं लागतं. मग आरशासारख्या आतल्या बाजू असलेल्या लांब नळ्यांमधून ते उपकरणापर्यंत येतात. इतकं सगळं करून हाती येणारा झोत सिंक्रोट्रॉनपुढे (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या गोल त्वरकापुढे) अगदी मिणमिणता असतो. हे आमचं कायमचं दुखणं. म्हणून नमुने मोठे लागतात आणि वेळ जास्त लागतो. सिंक्रोट्रॉनवर काही सेकंदांत होणारं मोजमाप आमच्याकडे तास खातं.

तेव्हा न्यूट्रॉन वापरायचा तो दुसऱ्या कशाने भागत नाही तिथेच. अशा जागा कुठल्या?

पहिली धातूंची, आणि मला ती सगळ्यात पटणारी वाटते, माझं क्षेत्र नसूनही. पोलादाचे दोन तुकडे वेल्ड केले की जोड थंड होताना आकसतो, आजूबाजूचा धातू त्याला आकसू देत नाही. बाहेरून काहीही दिसत नाही, पण आत धातूची स्वतःशीच ओढाताण चालू राहते. याला अवशिष्ट ताण म्हणतात. पुढे भार पडला की तो या ओढाताणीत मिळतो, आणि हिशेबात सुरक्षित असलेला भाग वेळेआधी तडकतो. हा ताण मोजायचा कसा? भोक पाडून किंवा कापून मोजता येतो, पण मग तो भाग वापरायला उरत नाही. प्रयोगशाळेतले साधे क्ष-किरण पोलादाच्या कातडीखाली काही मायक्रोमीटरच जातात. न्यूट्रॉन काही सेंटिमीटर आत जातो, आणि तिथे मोजपट्टी आयतीच तयार असते: अणूंच्या थरांमधलं अंतर. धातू ओढला गेला असेल तर ते अंतर किंचित वाढतं, दाबला गेला असेल तर घटतं. दहा हजारांत एक भाग एवढा फरक पकडता येतो. झोत आणि शोधक यांच्या खाचा जुळवून आतला एकदोन मिलिमीटरचा ठोकळाच तेवढा मोजायचा, मग नमुना थोडा सरकवून पुढचा.

रेल्वेचे रूळ घ्या. कारखान्यात ते सरळ करायला रोलरांमधून काढतात. त्यात रुळाच्या माथ्यात आणि पायात ओढ राहते, मधल्या पातळ भागात दाब. वरून चाकं वर्षानुवर्षं जाऊन माथ्याची ही अवस्था बदलत जाते. चीर कुठे सुरू होईल आणि कुठल्या दिशेला धावेल हे या नकाशावर ठरतं. विमानाच्या पंखाच्या वेल्ड केलेल्या मिश्रधातूंचं, टर्बाइनच्या पात्यांचं, हल्ली थर चढवत छापलेल्या धातूच्या भागांचं, सगळ्यांचं कोडं हेच. पण प्रत्येक रूळ किंवा प्रत्येक पंख झोतात ठेवून तपासतात असं समजू नका. मोजतात ते मोजके नमुने. त्या आकड्यांशी अभियंत्यांचं संगणकावरचं गणित जुळतं का बघतात. जुळलं, तर पुढचे हजारो भाग त्या गणितावर विसंबून बनतात. नाही जुळलं, तर गणित दुरुस्त करतात. न्यूट्रॉनच्या उपयोगाचा हा खरा नमुना आहे, आणि तो कुठल्याही छायाचित्रात येत नाही.

दुसरी जागा, जिथे जिथे हायड्रोजन, पाणी किंवा लिथियम जड शेजाऱ्यांमध्ये लपलेलं असतं. सिमेंटचं उदाहरण मला फार आवडतं. सिमेंटमध्ये पाणी घातलं की जो बारीक चिकट पदार्थ तयार होतो तोच काँक्रीटला धरून ठेवतो: कॅल्शियम, सिलिका आणि पाणी यांचं जेल. शतकभराहून जास्त काळ जग त्यावर उभं आहे, आणि तरी त्याच्या कणांच्या आत नेमकं किती पाणी असतं हे पक्कं माहीत नव्हतं. कारण ओल्या पदार्थात कणाच्या आतलं पाणी आणि कणांच्या फटींतलं पाणी वेगळं करता येत नाही. वाळवला तर पदार्थच बदलतो. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी फटींतल्या साध्या पाण्याच्या जागी जड पाणी भरत न्यूट्रॉन आणि क्ष-किरण दोन्हींनी मोजलं. उत्तर आलं: एका सिलिकामागे १.७ कॅल्शियम ऑक्साइड आणि १.८ पाणी, घनता पाण्याच्या २.६०४ पट. रूक्ष आकडे आहेत, कबूल. पण सिमेंट उद्योगातून जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाचा सुमारे ७-८ टक्के वाटा येतो, आणि त्यात कॅल्शियम कमी करून तेवढंच भक्कम काँक्रीट करायचं असेल तर मुळात काय धरून ठेवतंय ते आधी ठाऊक हवं.

लिथियम-आयन बॅटरीत न्यूट्रॉनची बाजू अशी, की बॅटरी उघडावी लागत नाही. उघडली की हवा लागून आतलं रसायन बिघडतं, मग तुम्ही शवविच्छेदन करत असता. न्यूट्रॉन धातूच्या कवचातून आत जातो, त्यामुळे चालू बॅटरी झोतात ठेवून, भारित होत असताना ग्रॅफाइटमध्ये लिथियम कुठल्या टप्प्याने शिरतंय, कुठे अडतंय हे बघता येतं. घाईने भारित केल्यावर ते एकसारखं पसरत नाही, हे असं दिसतं. अडचण एकच: आतल्या द्रवातला हायड्रोजन सगळीकडे धुकं पसरवतो. त्यावर उपाय म्हणून तो द्रव ड्युटेरियमचा करून घेतात, आणि त्याची किंमत बघून विद्यार्थ्यांचे चेहरे उतरतात. हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या इंधन-घटांमध्ये मात्र नेमका तोच हायड्रोजन कामाला येतो. घट चालू असताना आत पाणी कुठे साचून वायूची वाट अडवतंय, हे न्यूट्रॉन छायाचित्रात थेंबाथेंबाने दिसतं. बंद कांस्यमूर्तींच्या पोटात शतकांपूर्वी भरलेलं लाकूड आणि कागदही याच गुणाने दिसतात. मूर्ती फोडायची वेळ येत नाही.

आता माझं घर: साबण, चरबी, बुडबुडे. साबणाचा रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर डोकं पाण्यात आणि शेपूट हवेत अशी रांग लावतो. थर जाडीने दोनेक नॅनोमीटर. त्यात एका रेणूच्या वाट्याला किती जागा येते, दोन प्रकारचे साबण मिसळले तर पृष्ठभागावर कोण जास्त जमतं, हे तराजूने किंवा सूक्ष्मदर्शकाने कळत नाही. पाणी न्यूट्रॉनसाठी 'पोकळी' करून टाकायचं, साबण ड्युटेरियमचा घ्यायचा, आणि पृष्ठभागावर अगदी तिरका झोत सोडायचा. परत येतो तो प्रत्येक न्यूट्रॉन त्या एकाच थरावरून आलेला. कमी साबणात, थंड पाण्यात, कमी खळखळून काम भागवायचं असेल तर कुठली जोडी चालेल, याचं उत्तर अशा मोजमापांतून मिळतं. केसांच्या कंडिशनरमध्येही खरी घटना बाटलीत घडत नाही. डोक्यावर पाणी ओतून ते पातळ झालं की पॉलिमर आणि साबण यांचं मिश्रण फुटून केसांवर बसतं. ते कुठल्या प्रमाणाला फुटतं, हे मोजण्यात मी आयुष्याचे जितके आठवडे घातलेत तितके मोजायला नको वाटतात.

ही थट्टा वाटेल, पण तेच तंत्र तसंच्या तसं फुप्फुसाला लागू होतं. फुप्फुसांच्या पिशव्यांना आतून चरबी आणि प्रथिनांचा असाच एक पातळ थर असतो. तो नसेल तर श्वास सोडल्यावर पिशव्या मिटून जातात. फार लवकर जन्मलेल्या बाळांमध्ये तो पुरेसा तयार नसतो, म्हणून त्यांना तो औषध म्हणून देतात. त्यात कुठलं प्रथिन थराला कसं बांधतं हे तिरक्या झोताने बघता येतं. एमआरएनए लशी वाहून नेणारे चरबीचे कणही याच पंगतीतले. त्यांच्या रचनेवर २०१८ साली जड पाण्याची युक्ती वापरून काम झालं, आणि गाभ्यात काय आहे, कवचावर कुठली चरबी बसते, आत पाणी किती आहे हे वेगवेगळं मोजता आलं. पृष्ठभागावर कोण बसलंय हे महत्त्वाचं, कारण पेशीशी पहिली गाठ त्याचीच पडते. लस न्यूट्रॉनने शोधली असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कवच कसं बदलावं याचा अंदाज सुधारला, एवढं खरं.

जड पाण्याची युक्ती किती नाजूक असते त्याचा एक किस्सा. एका केंद्रात मला तीन दिवस मिळाले होते. पहिल्या रात्री नमुन्यांची कुपी नीट बंद न करता मी दोन तास झोपायला गेले. जड पाणी हवेतली आर्द्रता गुपचूप ओढून घेतं आणि आपला ड्युटेरियम देऊन टाकतं. सकाळी आलेख बघते तर पार्श्वभूमी तासातासाने वर चढत गेलेली. रचना बदलतेय असं वाटून मी अर्धा दिवस आनंदात होते. मग उपकरणाचे शास्त्रज्ञ आले, कुपीकडे बघितलं आणि काही न बोलता नवीन झाकण आणून दिलं.

औषधांबद्दल थोडं. औषधाचा रेणू प्रथिनाला धरतो तो बऱ्याच अंशी हायड्रोजन बंधांनी, आणि क्ष-किरणांच्या चित्रात हायड्रोजन बहुतेकदा अंदाजाने बसवलेला असतो. २०१३ साली एचआयव्हीच्या एका विकराची (एन्झाइमची), ॲम्प्रेनाव्हिर या औषधासकट, रचना न्यूट्रॉनने काढली गेली. ज्या बंधांवर औषधाची पकड आहे असं मानलं जात होतं, त्यातले खरोखर मजबूत फक्त दोनच निघाले. म्हणजे पकड सुधारायला जागा आहे, आणि कुठे ते कळलं. २०२० मध्ये कोविडच्या विषाणूच्या मुख्य प्रोटिएझवर (प्रथिनं कापणाऱ्या विकरावर) ओक रिजला असंच काम झालं आणि विकराच्या कार्यस्थळी कुठल्या अणूवर प्रोटॉन बसलाय, कुठे नाही हे दिसलं. अडचण स्फटिकाची. न्यूट्रॉनसाठी तो एक घन मिलिमीटरच्या आसपासचा असला तर बरं. अशा आकाराचा प्रथिनाचा स्फटिक वाढवताना महिने जातात आणि अनेकदा तो वाढतच नाही. म्हणून या वाटेने जाणारी औषधं मोजकी.

काटेकोर बोलायचं तर स्कॅटरिंगमध्ये न बसणारे दोन उपयोगही याच केंद्रांमध्ये होतात. वरच्या वातावरणात अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे न्यूट्रॉन तयार होतात आणि कधीतरी एखादा चिपमधल्या शून्याचा एक करून टाकतो. विमानाच्या उंचीवर हा मारा जमिनीच्या सुमारे ३०० पट असतो. म्हणून विमानं, गाड्या आणि मोठे संगणक यांच्यासाठीच्या चिपा आयसिससारख्या केंद्रात त्याच प्रकारच्या पण लाखो पटींनी दाट झोतात ठेवतात; वर्षानुवर्षांचा मार तासाभरात बसतो आणि चूक कुठे होते ते कळतं. दुसरा उपयोग सिलिकॉनचा, आणि सुरुवातीला मी 'सहसा' म्हटलं ते याच्यासाठी, कारण इथे न्यूट्रॉन खरोखरच वस्तू घडवतो. सिलिकॉनचा दांडा भट्टीत ठेवला की त्यातल्या सिलिकॉन-३० चे काही अणू न्यूट्रॉन गिळून काही तासांत फॉस्फरस होतात. बाहेरून मिसळलेला फॉस्फरस इतका एकसारखा कधीच पसरत नाही. मोठा विद्युतदाब हाताळणाऱ्या उपकरणांसाठी असा सिलिकॉन गार्चिंगसारख्या भट्ट्यांमध्ये तयार होतो.

खर्चाचं म्हणाल तर ओक रिजच्या त्वरक केंद्राला १.४ अब्ज डॉलर लागले, लुंडचा अंदाज २०१३ च्या किमतींनी १.८४ अब्ज युरो होता. रक्कम मोठीच आहे. पण एका केंद्रात दोन डझन उपकरणं एकाच वेळी चालतात, चोवीस तास, वेगवेगळ्या देशांतल्या गटांसाठी. एका वेळी शेजारच्या उपकरणावर रुळाचा तुकडा असतो, माझ्या उपकरणावर शाम्पू आणि पलीकडे कोणीतरी उणे २७२ अंशांवर चुंबक थंड करत बसलेलं असतं. खरी अडचण मला पैशापेक्षा जागेची वाटते. २०१९ या एकाच वर्षात बर्लिनची बीईआर-२ आणि पॅरिसजवळच्या साक्लेची ऑर्फे या दोन भट्ट्या बंद झाल्या. जुन्या भट्ट्या म्हाताऱ्या होत चालल्यात आणि त्यांची जागा घ्यायला नवीन केंद्रांना दहा-पंधरा वर्षं लागतात. मध्यम आकाराच्या भट्ट्या बंद झाल्याचं नुकसान जास्त, कारण नवशिके तिथेच शिकायचे, चुका तिथेच परवडायच्या.

तुमच्या हातात खरोखर असा एखादा प्रश्न असेल, तर वाट फारशी अवघड नाही. बहुतेक केंद्रं वर्षातून एकदोनदा प्रस्ताव मागवतात. निकाल जाहीर प्रसिद्ध करणार असाल तर झोताचा वेळ सहसा फुकट मिळतो. गुपित ठेवायचं असेल तर कंपन्यांना पैसे मोजावे लागतात. मागणी उपलब्ध दिवसांच्या दुप्पट सहज असते, त्यामुळे पहिल्या खेपेला नकार आला तर मनावर घेऊ नका, माझे चार-पाच प्रस्ताव असेच परत आलेत. अर्ज भरण्याआधी त्या उपकरणाच्या शास्त्रज्ञाला पत्र लिहा. त्यांना तीन गोष्टी हव्या असतात: नमुन्यात कुठली मूलद्रव्यं आहेत (बोरॉन, कॅडमियम, गॅडोलिनियम असेल तर आधीच सांगा, ती न्यूट्रॉन गिळून टाकतात), नमुना किती आहे, आणि हेच क्ष-किरणांवर करून बघितलं का. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर आधी ते करून या. मीही तेच सांगते. झोतातून निघालेला नमुना लगेच घरी नेता येत नाही, तो किरणोत्सर्गी झालाय का हे तपासूनच परत मिळतो. साबणाच्या पाण्याला सहसा काही तास लागतात. कोबाल्ट असलेला मिश्रधातू असेल तर तो तिथल्याच कपाटात बरीच वर्षं राहील असं धरून चाला आणि एकुलता एक नमुना घेऊन जाऊ नका.